मधल्या सहा दिवसांचा रियाज

आठवड्यातून एकदा क्लासला जाणारा विद्यार्थी घरी रियाजाला बसतो तेव्हा साधारण काय होतं, ते आठवून पाहा. फोनवर तानपुरा लागतो. आरोह-अवरोह होतात, चार-सहा अलंकार होतात. मग चालू असलेल्या रागातली बंदिश स्थायीपासून अंतऱ्यापर्यंत तीन-चार वेळा म्हटली जाते आणि पाठ केलेल्या ताना घेतल्या जातात. पाऊण तास होतो. तिसऱ्या तानेत काल जिथे गळा अडखळला होता तिथेच आजही अडखळतो, पण तोवर तान पुढे गेलेली असते आणि सम गाठायची घाई असते. पुढच्या आठवड्यात गुरुजी नेमकी तीच जागा पकडतात आणि म्हणतात, "घरी केलं नाहीस वाटतं." केलेलं असतं. रोज केलेलं असतं. पण रोज चुकीसकट केल्यामुळे ती चूक गळ्यात आणखी पक्की बसलेली असते.

हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. मग ते प्रवेशिकेची तयारी करणारे शाळकरी असोत, नोकरी सांभाळून गाणं शिकणारे असोत किंवा निवृत्तीनंतर पेटी-तबल्याकडे वळलेले असोत. यांच्यातल्या बहुतेकांना रोज तासभर मिळतो, क्वचित दीड तास. तेवढ्या वेळात प्रगती होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. मात्र तो तास कसा वापरायचा हे त्यांना कुणीतरी बसून सांगायला हवं, आणि आपल्याकडे ते फारसं सांगितलं जात नाही. "रियाज वाढव" एवढाच सल्ला मिळतो.

तासांचा हा हिशेब जगभर पसरला त्याला एक संशोधन कारणीभूत आहे, आणि त्याचा अर्थ बराचसा उलटा लावला गेला. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकादमीतले सर्वोत्तम विद्यार्थी, त्यांच्या खालोखालचे चांगले विद्यार्थी आणि संगीतशिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी असे तीन गट होते. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव पहिल्या गटात सरासरी सुमारे ७,४०० तास, दुसऱ्यात ५,३०० आणि तिसऱ्यात ३,४०० तास भरला. विसाव्या वर्षापर्यंत पहिल्या गटाची सरासरी दहा हजारांवर गेली होती. पुढे माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकामुळे 'दहा हजार तास' हा आकडा घरोघरी पोहोचला. एरिक्सन मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले की तो आकडा म्हणजे केवळ एक सरासरी होती, त्यात जादू काही नाही. त्यांचा भर सरावाच्या प्रकारावर होता. आपल्या आवाक्याच्या जरा पलीकडची एकच गोष्ट घ्यायची, पूर्ण लक्ष देऊन करायची, कुठे चुकलं ते लगेच कळेल अशी सोय ठेवायची आणि त्या चुकीवर काम करून पुन्हा करायचं. असा सराव थकवणारा असतो. म्हणूनच बर्लिनचे ते सर्वोत्तम वादक एका बैठकीत तास-दीड तासाच्या पलीकडे सहसा जात नसत, आणि दुपारी झोप काढत.

नंतरच्या काळात या निष्कर्षांवर टीकाही झाली, ती योग्यच होती. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या विश्लेषणात असं दिसलं की संगीतातल्या कौशल्यात माणसामाणसांत जो फरक असतो त्यातला सुमारे एकवीस टक्के फरक अशा सरावाने समजावता येतो. बाकीचा वाटा इतर गोष्टींचा. उपजत कान, सुरुवातीचं वय, मिळालेला गुरू, घरातलं वातावरण अशा गोष्टी त्यात येतात. पण यातलं काहीही आज ठरवून बदलता येत नाही. सराव बदलता येतो, आणि आजपासून बदलता येतो.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो एक छोटा प्रयोग. टेक्सास विद्यापीठात २००९ साली सतरा पियानोवादकांना शोस्ताकोविचच्या एका रचनेतला छोटासा अवघड तुकडा दिला गेला. हवा तेवढा वेळ बसवा, असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तो वाजवून दाखवला आणि त्यांचे क्रम लावले गेले. कुणी किती वेळ सराव केला होता, कितीदा तुकडा वाजवला होता, याचा त्या क्रमाशी संबंध दिसला नाही. पहिल्या क्रमांकांच्या वादकांकडूनही सुरुवातीला चुका झाल्याच होत्या. पण चूक झाली की ते थांबत. ती नेमकी कुठे आहे ते शोधत, तेवढीच जागा लय कमी करून वाजवत आणि बिनचूक होईपर्यंत ती सोडत नसत. त्यामुळे त्यांच्या एकूण प्रयत्नांत बरोबर आलेल्या प्रयत्नांचं प्रमाण जास्त होतं. इतर जण चूक करून पुढे जात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत आणि पुन्हा तिथेच चुकत.

ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. भीमसेन जोशी १९३६ च्या सुमारास कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहायला गेले. तिथल्या काही वर्षांत त्यांची तालीम प्रामुख्याने तोडी, मुलतानी आणि पुरिया अशा मोजक्या रागांवर झाली. आजच्या अभ्यासक्रमांची रागांची यादी डोळ्यांसमोर ठेवली तर हे फारच थोडं वाटेल. पण शिष्य गुरूच्या घरात राहत होता. त्याचा सूर आतल्या खोलीत ऐकू जात होता, आणि सूर उतरला की आतून हाक येत होती. किशोरीताई आमोणकरांनी सांगितलं आहे की त्यांच्या आई, मोगूबाई कुर्डीकर, स्थायी किंवा अंतरा दोनदाच गाऊन दाखवत. तेवढ्यात ती जागा नेमकी टिपायची. तालमीत गुरूचा कान शिष्याच्या रियाजावर सतत असे, आणि शिष्यालाही तितकंच टक्क लक्ष द्यावं लागे. आज गुरूचा कान आपल्याला आठवड्यातून तासभर मिळतो. उरलेले सहा दिवस आपण आपल्यावर सोपवलेले असतो, म्हणून त्या सहा दिवसांसाठी स्वतःचा कान तयार करणं हेच आजच्या विद्यार्थ्याचं पहिलं काम आहे. पुढचं सगळं त्यासाठी आहे.

सुरुवात क्लासमधून निघतानाच करा. गुरूंना विचारा, "या आठवड्यात माझी एकच गोष्ट सुधारायची असेल तर कोणती?" उत्तर जितकं नेमकं मिळेल तितकं चांगलं. 'सूर कच्चा आहे' यावर घरी काम करता येत नाही. 'यमनमध्ये तीव्र मध्यमावर थांबलीस की तो पंचमाकडे ओढला जातो' यावर काम करता येतं. गुरू मोघम बोलले तर आदराने पुन्हा विचारा आणि एकदा तीच जागा गाऊन दाखवायला सांगा. ती फोनवर टिपून ठेवायची परवानगी मागा. बहुतेक गुरू आनंदाने देतात.

आता हा मध्यमच उदाहरण म्हणून घेऊ, कारण यमन जवळजवळ सगळेच शिकतात आणि ही तक्रारही जवळजवळ सगळ्यांची असते. घरी बसल्यावर संपूर्ण आरोह घेऊ नका. गंधार लावा आणि तानपुऱ्यात विरघळेपर्यंत धरा. मग गंधारावरून मध्यमावर जा, थांबा, परत गंधारावर या. पंचम अजून नको. मध्यम जड होऊन खाली बसतो आहे, की पंचमाच्या ओढीने वर सरकतो आहे, ते ऐका. ठरवता येत नसेल तर मुद्दाम तो थोडा खाली लावून पाहा, मग मुद्दाम वर. चुकीच्या दोन्ही बाजू कानाने ओळखल्या की मधली जागा सापडते. ती सापडल्यावर मध्यमावरून पंचमावर जा आणि मध्यम न सांडता परत या. मग पंचम वगळून गंधार, मध्यम, धैवत घ्या. इथे बहुतेकांचा मध्यम पुन्हा हलतो, कारण पुढची उडी मोठी आहे. हे तीन-चार स्वर आकारात, मग बंदिशीतल्या ज्या शब्दावर हा स्वरसमूह येतो त्या शब्दासकट, आणि शेवटी पूर्ण ओळीत. दहा-बारा मिनिटं लागतील. एवढ्यात राग गायल्यासारखं वाटणार नाही, पण या मिनिटांत जे झालं ते उरलेल्या तासभराच्या गाण्यात होत नाही.

तानेच्या बाबतीत एक गोष्ट सांगायला हवी, कारण 'आधी ठाय, मग दुगुन, मग चौगुन' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. सावकाश गाऊन स्वरांचा क्रम आणि त्यांच्या जागा पक्क्या होतात, ते आवश्यकच आहे. पण जलद तानेत गळ्याची हालचाल वेगळी असते. संथ लयीत आपण प्रत्येक स्वरावर बसतो, तर जलद लयीत एका झोतात अनेक स्वर निघतात. त्यामुळे ठाय लयीत स्वच्छ असलेली तान एका टप्प्यानंतर वेग वाढवताच विस्कटते, आणि विद्यार्थी समजतो की गळा तयार नाही. अशा वेळी तानेचे तुकडे पाडा. चार-चार स्वरांचा एक तुकडा पूर्ण वेगात घ्या आणि चौथ्या स्वरावर स्थिर थांबा. थांबलेला स्वर सुरात आहे का ते तपासा. दुसरा तुकडा असाच. मग पहिल्याचा शेवटचा स्वर आणि दुसऱ्याचा पहिला स्वर यांचा सांधा स्वतंत्र घोटा, कारण ताना मोडतात त्या बहुतेक सांध्यावर. सांधे जुळले की दोन तुकडे एकत्र. मेट्रोनोम किंवा ठेका लावून लय वाढवत असाल तर एकदम मोठी उडी नको. एका लयीत सलग तीन वेळा तान स्वच्छ आली तर थोडी वाढवा, दोनदा लागोपाठ बिघडली तर मागे या. मागे येण्यात कमीपणा वाटू देऊ नका. विस्कटलेली तान पुन्हापुन्हा घेतली तर गळा विस्कटणंच शिकतो.

तबल्याच्या विद्यार्थ्यांकडे या कामासाठी एक उत्तम साधन आधीपासून आहे, ते म्हणजे पढंत. जो कायदा तोंडाने, हाताने टाळी-खाली दाखवत, अडखळल्याशिवाय म्हणता येत नाही, तो बोटांतून येणार नाही. दिल्लीच्या 'धा धा तिरकिट'च्या कायद्यात हात मोडतो तो बहुधा तिरकिटवर. मग संपूर्ण कायदा पंचवीस वेळा वाजवण्यापेक्षा फक्त तिरकिट घ्या. त्यातली चार अक्षरं सारख्या वजनाची येताहेत का ऐका. डग्ग्यावरचा 'कि' दबतो आहे का, 'ट' घाईत गिळला जातो आहे का, ते तपासा. मग तिरकिटच्या आधीचा एक 'धा' जोडा, नंतर पुढचा एक. हातात ताण यायला लागला की लय कमी करा, कारण आवळलेल्या मनगटाने मिळवलेला वेग मैफलीत टिकत नाही. हे सगळं लेहऱ्यावर करा. लेहरा नसेल तर आपण धावतो आहोत हे वादकाला शेवटपर्यंत कळत नाही.

पेटीबद्दल एक आग्रहाची विनंती. गाणाऱ्यांनी रोजचा स्वराचा रियाज पेटीवर करू नये. पेटी वाजत असताना आपला आवाज तिच्या आवाजात लपतो, आणि सूर लागला असा भास होतो. शिवाय बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांची मेळवणी पाश्चात्त्य पद्धतीच्या समान अंतरांची असते. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. तानपुऱ्याचा गंधार कुठला, असं कुणी विचारेल. नीट मिळवलेल्या, जवारी चांगली लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. भूप किंवा यमन गाताना आपला गंधार त्यात मिसळून लावायचा असतो. हे एकदा कानाला कळलं की पेटीवरचा गंधार टोचायला लागतो. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून ॲपवरचा तानपुरा लावायचा तर फोन बऱ्यापैकी स्पीकरला जोडा, किंवा एका कानात इअरफोन ठेवून दुसरा कान आपल्या आवाजासाठी मोकळा ठेवा. सुराचा काटा दाखवणारी ॲप्सही मिळतात. ती गाताना पाहू नका, कारण मग डोळे गातात आणि कान बसून राहतो. आधी कानाने ठरवा, मग पडताळ्यापुरता काटा पाहा. आणि मींड, आंदोलन, कणस्वर यांना तो काटा लावूच नका. दरबारीचा गंधार एका जागी उभा राहणारा स्वर नव्हे.

लयीकडे गायनाचे विद्यार्थी फार दुर्लक्ष करतात आणि मग तबलजी समोर आला की घाबरतात. त्यासाठी रोज दहा मिनिटं पुरतात. मध्यलय त्रितालाचा ठेका लावा आणि फक्त मुखडा घ्या. बऱ्याच बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेपासून, खालीवरून उठतो. तो उचलून समेवर या. दहा आवर्तनं एवढंच. मग मधल्या जागेत चार मात्रांचा आलाप भरा आणि मुखडा त्याच मात्रेवर उचला. नंतर आठ मात्रांचा. समेवर आलो की नाही, हे ठेका निर्दयपणे सांगतो, म्हणून हा रियाज गुरूशिवायही चुका दाखवणारा आहे. पुढची पायरी म्हणजे ठेक्याचा आवाज दोन आवर्तनं बंद करून मनात मात्रा धरून गात राहणं आणि पुन्हा आवाज वाढवून आपण कुठे आहोत ते पाहणं. विलंबित एकतालात, जिथे एका मात्रेच्या आत चार उपमात्रा मोजाव्या लागतात, तिथे हे अवघड जातं. पण ज्याला ते जमतं त्याच्या चेहऱ्यावर मैफलीत बोटं मोजण्याचा ताण दिसत नाही.

आता ध्वनिमुद्रणाविषयी. आजच्या विद्यार्थ्याच्या हातात फोन आहे, आणि जुन्या पिढीला न मिळालेली ही सोय बहुतेक जण वापरतच नाहीत. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतो, हे खरं कारण आहे. पहिले पंधरा दिवस त्रास होतो, नंतर सवय होते. संपूर्ण रियाज टिपायची गरज नाही, दोन-तीन मिनिटांचा भाग पुरे. तो लगेच ऐकू नका. गाऊन झाल्याबरोबर ऐकलं तर आपण काय गायचं ठरवलं होतं तेच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर प्रत्यक्षात काय गायलो ते ऐकू येतं. आणि एका वेळी एकच गोष्ट ऐका. पहिल्यांदा फक्त सूर, दुसऱ्यांदा फक्त लय, तिसऱ्यांदा शब्द आणि आकार. सगळं एकदम ऐकलं की मनात फक्त 'छान' किंवा 'वाईट' एवढंच उरतं.

ऐकलेलं वहीत लिहा. परीक्षेची वही नको, साधी पानं. वाक्य असं हवं की ते वाचून उद्या काय करायचं ते कळेल. 'आज सूर लागला नाही' हे वाक्य निरुपयोगी. 'अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत तार षड्जावर पोहोचताना श्वास संपतो, म्हणून सूर खाली राहतो' हे उपयोगी, कारण काम कुठे आहे ते दिसतं. इथे दोष स्वराचा नाही, श्वास कुठे घ्यायचा याचा आहे. ओळीतल्या ज्या शब्दानंतर श्वास घेता येईल तो शब्द ठरवा, आणि तार षड्ज निम्म्या वेळात सुधारेल. सूर, ताना, तिहाया यांच्या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा वेगळंच काही असतं. वही लिहिणाऱ्याला ते दिसतं.

एकच पलटा अर्धा तास घोटला की शेवटी तो इतका सहज येतो की वाटतं, झालं. ती सहजता बरीचशी फसवी असते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या प्रयत्नाची. गळा गरम नसताना, आधीची वीस आवर्तनं पाठीशी नसताना तो कसा येतो, तेवढंच तुमचं झालेलं आहे. म्हणून एका बैठकीत दोन-तीन कामं आलटून-पालटून घ्या: पाच मिनिटं मध्यम, मग मुखडा, मग तानेचा सांधा, पुन्हा मध्यम. प्रत्येक वेळी परत येताना थोडं जड जातं, कंटाळाही येतो. पण तेच टिकतं.

तासभरात काय बसवायचं, असं विचारलंत तर मी सांगेन: दहा-बारा मिनिटं खर्ज आणि आकार, आवाज न दाबता, त्यानंतर, डोकं ताजं असताना, आठवड्याच्या त्या एका दोषाला वीस मिनिटं, लयीला दहा, उरलेला वेळ मोकळा राग. हा शेवटचा भाग कापू नका. त्यात चुका शोधायच्या नाहीत, थांबायचं नाही, बढत सुचेल तशी करायची. ज्याच्या रियाजात फक्त दुरुस्ती असते तो विद्यार्थी वर्षभरात गाण्यापासून दुरावतो, असं मी पाहिलं आहे. तशीच एक दुसरी सवयही लागते. सतत थांबून दुरुस्त करणाऱ्याला सलग गाताच येत नाही, चूक झाली की तो मैफलीतही थबकतो. म्हणून आठवड्यातून एकदा घरातल्या कुणाला तरी समोर बसवून पंधरा मिनिटं न थांबता गा. काहीही होवो, समेवर यायचं.

आवाजाबाबत हट्ट नको. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगायनाने बिघडला होता. तो पुन्हा घडवायला त्यांना मोठे कष्ट पडले, आणि ज्या गायकीला आज आपण जयपूर-अत्रौली म्हणतो ती त्यातून उभी राहिली. ही कथा ऐकून तरुण मुलं उलटा धडा घेतात, की एवढं गावं की आवाज फुटावा. खाँसाहेब हे खाँसाहेब होते. तुमचा घसा दुखत असेल, सर्दीने आवाज बसला असेल, तर त्या दिवशी गाऊ नका. दोन-तीन आठवड्यांनीही घोगरेपणा जात नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तबला-सतारवाल्यांनी मनगटाच्या दुखण्याबद्दल हेच समजावं. न गाता येणाऱ्या दिवशी रियाज बुडत नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्या मनात विलंबित एकतालाचं आवर्तन धरता येतं, बंदिश मनात म्हणता येते, एखादं जुनं मुद्रण एकच प्रश्न घेऊन ऐकता येतं: इथे मुखडा कुठल्या मात्रेवरून उचलला? भिंतीला भिंत लागून असलेल्या मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये पहाटे पाचला खर्ज लावणं कुणालाच शक्य नाही, आणि त्यासाठी स्वतःला दोषी मानायचं कारण नाही. सकाळी पंचवीस आणि संध्याकाळी पस्तीस मिनिटं अशी विभागणी सलग तासापेक्षा पुष्कळदा जास्त फळते, कारण प्रत्येक वेळी लक्ष ताजं असतं.

मुलांच्या पालकांना थोडं सांगायचं आहे. मिरजेच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी महाराष्ट्राच्या गावागावांत शास्त्रीय संगीत पोहोचवलं, हे मोठं काम आहे. पण प्रवेशिकेपासून विशारदपर्यंतचे टप्पे भराभर उरकण्याची चढाओढ मुलांचा सूर खाते. राग वाढत जातात आणि पहिल्या वर्षी राहिलेला दोष प्रत्येक रागात सोबत येतो. एखादं वर्ष परीक्षा पुढे ढकलून भूप आणि यमन नीट होऊ द्यावेत, असं गुरूंनी सुचवलं तर ते ऐका. घरी मुलाला "झाला का रियाज?" असं विचारण्यापेक्षा "काल कुठे अडलं होतं? आज तिथे काय झालं, ऐकव ना" असं विचारा. तुम्हाला संगीत कळत नसलं तरी चालेल. ऐकवण्यासाठी मुलाला स्वतः ती जागा शोधावी लागते, तेवढं पुरेसं आहे.

गुरुजनांनाही एक विनंती. शिकवणी संपताना नवी तान लिहून देण्याआधी त्या विद्यार्थ्याचा एकच दोष नाव घेऊन सांगा, तो घरी कसा घोटायचा ते दोन मिनिटं करून दाखवा, आणि पुढच्या वेळी सर्वात आधी तोच ऐका. विद्यार्थ्यांनो, गुरूंनी नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. या आठवड्यात क्लासला जाल तेव्हा नवा राग मागू नका. जिथे रोज अडखळता ती एक ओळ आधी गाऊन दाखवा.